चौकातला अनुजाचा फलक

कोल्हापूर,
शुक्रवार, दुपार

प्रिय प्रियू,

माझ्या हातचं पत्र बघून दचकू नकोस. आबांची तब्येत चांगली आहे, माझे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात, आणि तुझी लेक गच्चीवर शेवया राखत बसली आहे. फोनच केला असता, पण आपल्याकडे फोन म्हणजे हॉलमध्ये, स्पीकरवर आणि आबांच्या देखत. मोबाइलवर लिहावं तर माझा मोबाइल अनुजाच चालवते. म्हणून हा कागद. छापखान्यातल्या लालासाबांचा काशिफ उद्या सकाळी गाडी घेऊन पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देईन. आबा इचलकरंजीला लग्नाला गेलेत, ते यायच्या आत लिहून व्हायला हवं. सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. दूध दोनदा उतू गेलं. स्वयंपाकघरातलं फडताळ पुसलं आणि लगेच परत पुसायला घेतलं, तेव्हा अनुजा म्हणाली, "आज्जी, झालंय ते." मग कागद घेऊन इथं येऊन बसले.

निकाल तुला माहीत आहे. आठवीच्या स्कॉलरशिपला अनुजाला तीनशेपैकी एकशे शहात्तर. आबांनी तुला फोनवर सांगितलं की कॉम्प्युटरनं घोळ घातलाय, पोरीचे दोनशे बहात्तर होतात, आणि गुणपडताळणीचा सोमवार शेवटचा दिवस आहे, ते स्वतः हेडमास्तरांच्या समोर बसून अर्ज भरून घेणार आहेत. तू म्हणालीस, "करा आबा, करूनच टाका." प्रियू, तो अर्ज जाता कामा नये. पडताळणी झाली की पुन्हा एकशे शहात्तरच येणार आहेत, आणि मग आबा सगळ्या घरासमोर त्या पोरीला विचारणार आहेत. ते मला नको आहे. का, ते सांगायला बसले खरी, पण थोडं मागून सांगावं लागेल.

हे दोनशे बहात्तर आले कुठून? परीक्षेनंतर उत्तरसूची आली, तेव्हा आबांनी काशिफकडून ती छापून आणवली आणि रविवारी सकाळी हॉलमध्ये बैठक मांडली. तालमीतले दोन मित्र, लालासाब, शेजारच्या चिमणाबाई, सगळे हजर. मी आत पोहे करत होते, मला फक्त आवाज येत होता. आबा चष्मा लावून वाचत होते, "एक नंबर, पर्याय तीन." अनुजा म्हणायची, "बरोबर." "दोन नंबर, पर्याय एक." "बरोबर." चौथ्याला ती म्हणाली, "चुकलं." तुला आठवीचा पेपर माहीत नाही, तुमच्या वेळी तो नव्हता. काही प्रश्नांना दोन उत्तरं बरोबर असतात आणि दोन्ही गोल रंगवले तरच गुण मिळतात. तिनं एकच रंगवला होता. आबा थांबले. "कसं काय चुकलं? सरावाला तर बरोबर आलतं!" मित्र म्हणाले, "जाऊ द्या, एखादं जायचंच की." पण हॉल गप्प झाला होता, ते मला आतून कळलं. त्यानंतर आबा वाचत गेले आणि ती बरोबर, बरोबर म्हणत गेली. मधेच एखादं चुकलं म्हणायची, तेही आबांची मान वर यायच्या आत. शेवटी आबांनी बेरीज केली आणि लालासाबांच्या पाठीत असा धपाटा मारला की बिचाऱ्यांचा चहा सांडला.

आणि मग तो फलक. तू फोटोत बघितलास, पण प्रत्यक्षात तो चौकातल्या विजेच्या खांबापासून पानपट्टीपर्यंत आहे. लालासाब जुने दोस्त म्हणून स्पष्ट बोलले, "विजयसिंह, निकाल तर लागू दे की आधी. छापायला काय, तासाभरात छापून देतो." आबा म्हणाले, "लागायचं ऱ्हायलंय काय आता? बेरीज मी केलीया." "सरकारनं करायची असती बेरीज." "तू शाईचं बघ." अनुजाचा शाळेच्या गणवेशातला फोटो, वर सोनेरी अक्षरांत राज्य गुणवत्ता यादीत झेप, खाली नाद खुळा, आणि एका कोपऱ्यात आबांचा फेटा बांधलेला फोटो, तो जरा तिच्यापेक्षा मोठाच आलाय. फलक लागला त्या दिवशी मी हसले, प्रियू. वाटलं, म्हाताऱ्याला एवढं सुख मिळतंय तर मिळू दे.

आता निकाल लागून पाच-सहा दिवस झाले, तरी तो तिथंच आहे. लालासाब दोनदा माणूस पाठवू का म्हणाले. आबा म्हणतात, उतरवला म्हणजे मान्य केलं. अनुजा मागच्या बोळातून दुकानाला जाते. काल चिमणाबाईंनी भिंतीपलीकडून हाक मारली, "वैनी, पेढं कवा देताय? का एकट्याच खाताय?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी देते की म्हणाले. अनुजा माझ्या शेजारीच कपडे वाळत घालत होती. तिनं एक चिमटा तीन वेळा लावला आणि काढला.

हॉलमध्ये तुझं ते कात्रण अजून आहे, सातवीच्या स्कॉलरशिपचं. दोन वेण्या, एक डोळा किंचित मिटलेला. फ्रेमची काच मीच दर आठवड्याला पुसते आणि दर वेळी मला तुझा तो दिवस आठवतो. तू पेपर छातीशी धरून जिना धडाधड चढत आलीस, चप्पल खालीच राहिली. किती आनंद होता तो, आणि किती सहज आला होता. गेली दोन वर्षं अनुजा त्याच भिंतीखाली टेबल लावून अभ्यास करते. पहाटे शाळेचे जादा तास, संध्याकाळी सराव पेपर, रविवारी आबांचा वेगळा पेपर. पोरीनं कधी कंटाळा केला नाही, हे मी देवासमोर सांगेन. तिला गणित येतं. फक्त घड्याळ लावलं की तिचा हात थंड पडतो. मी धरून बघितलाय.

मला माझं आठवतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वर्षाच्या शेवटी सगळ्या वर्गासमोर नंबर वाचायचे, पहिल्यापासून थेट शेवटपर्यंत. माझं नाव येईस्तोवर सिस्टरचा आवाज थकलेला असायचा. मी गणवेशाचा पट्टा घट्ट धरून उभी राहायचे आणि मनात म्हणायचे, आता येईल, आता येईल. तुझे आजोबा संध्याकाळी गुळाच्या अडतीवरून घरी यायचे. इंग्रजी प्रगतिपुस्तक त्यांना वाचता येत नसे, मी बोट ठेवीन तिथं सही करायचे. एकदा मी रडत होते तर म्हणाले, "पास हाईस न्हवं?" मी म्हटलं, हो. "मग रडतीस कशाला? ऊठ, जेव." एवढंच. मला अजून त्या वाक्याची ऊब येते. अनुजाच्या निकालावर तिच्या नावापुढं 'पात्र' असं छापलंय, प्रियू. ती पास झालीय. कितीतरी मुलांना तेही जमत नाही. ह्या घरात तो शब्द कुणी वाचलाच नाही.

काल दुपारी आम्ही दोघी चटणीच्या मिरच्यांची देठं काढत बसलो होतो. ती शिंकत होती, मी शिंकत होते, आणि शिंकता शिंकता ती म्हणाली, "आज्जी, मशीन चुकलेलं नाहीये." मी मान वर केली नाही. वर केली असती तर ती थांबली असती. म्हटलं, मग दोनशे बहात्तर? म्हणाली, "मी चौथ्याला चुकलं म्हणाले ना, तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मला म्हणताच येईना." थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटलं नव्हतं की आबा बोर्ड लावतील." डोळे पुसायला गेली तर हाताला तिखट लागलेलं. मी तिला मोरीत नेलं, डोळ्यांवर पाणी मारलं, पदरानं तोंड पुसलं. तेरा वर्षांची उंच पोर माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली, लहानपणी तू राहायचीस तशी.

मग मला वाटलं, झालं, बोलून मोकळी झाली. पण नाही. परत मिरच्यांपाशी येऊन बसल्यावर राहिलेलं सांगितलं, आणि हे पत्र मी त्याच्यासाठी लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी तू तिला इथं सोडून निघालीस, तेव्हा गाडीची काच खाली करून तिला म्हणालीस, "स्कॉलरशिप मिळव, मग तुला घेऊनच जाते." तुला आठवतसुद्धा नसेल. रडणाऱ्या लेकराला समजावायला आई काहीही बोलते, मीही बोललेय. पण तिनं ते तसंच धरून ठेवलंय. म्हणून ती त्या दिवशी बरोबर, बरोबर म्हणत गेली. चौकात फलक लागला त्या रात्री तिनं आपली बॅग भरली होती, मला ते माहीतच नव्हतं. निकाल लागल्यावर सगळे कपडे घड्या घालून परत कपाटात लावले. तुला दोष देत नाही गं. इथल्यासारखी तयारी पुण्यात होत नाही, हे मीही म्हणाले होते. पण आता रविवारी ये. आबांना सांग, आता पडताळणी राहू दे, मी अनुजाला न्यायला आलेय. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत, तुझ्या शब्दाबाहेर ते जात नाहीत. खरं काय ते त्यांना मी सांगेन, तुम्ही दोघी निघाल्यावर. दोन दिवस जेवणार नाहीत, मग जेवतील. फलकाचंही मी आणि लालासाब बघू. तू फक्त ये, आणि आल्या आल्या गुणांचं काही काढू नकोस. काल टोपली उचलता उचलता, सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "आज्जी, नववीला परत असते का गं स्कॉलरशिप?" मी नाही म्हणाले. ती "बरं" म्हणाली आणि टोपली घेऊन आत गेली.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
आई