आईच्या उजव्या हाताची मोकळी जागा

मी, रुद्राणी वीरुपाक्ष शेटे, वय चव्वेचाळीस, अविवाहित, गंगाखेड येथील कनिष्ठ महाविद्यालयात गणिताची शिक्षिका, राहणार सोनपेठ, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र माझ्या विचाराने आणि कुणाचाही दबाव नसताना लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझ्या डोक्यात गाठ आहे. येत्या सोमवारी छत्रपती संभाजीनगरला तिची शस्त्रक्रिया आहे. मी शुद्धीत आहे, पण शांत नाही. मला भीती वाटते. भीती वाटणे म्हणजे बुद्धी जागेवर नसणे नव्हे, हे इथेच नोंदवते, कारण उद्या कुणीतरी म्हणेल, डोक्यातच गाठ होती, तिचं लिहिलेलं काय धरायचं. म्हणून डॉ. मंजुषा देशमुख यांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करायला लावले. एकोणऐंशीला मी थांबले. "येत नाहीये का?" त्यांनी हळूच विचारले. येत होते, मध्येच सोमवार आठवला होता. मग उरलेले सगळे एका दमात सांगितले.

१. सोनपेठमधले माझे दोन खोल्यांचे घर माझा थोरला भाऊ बसवेश्वर याला द्यावे. त्याला मी दादा म्हणते. घर त्याला मिळते आहे हे त्याने पुढचे कलम वाचताना लक्षात ठेवावे.

२. आईने तिच्या नावावरचे परळी रस्त्यालगतचे रान हयातीतच आम्हा दोघांना अर्धे अर्धे करून दिले. माझा अर्धा भाग विकावा. येणारी रक्कम मुदत ठेवीत ठेवावी. त्याच्या व्याजातून गणित, संगणक किंवा अभियांत्रिकीत पीएच.डी. झालेल्या बाईला, एका वेळी एकीला, पुढच्या संशोधनासाठी दोन वर्षे वेतन द्यावे. त्याला आईचे नाव द्यावे: मनकर्णा शेटे संशोधन वेतन.

हे मी घरी पहिल्यांदा बोलले तेव्हा महानंदावहिनी म्हणाल्या, "पीएच.डी. झाली की शिक्षण सरलं म्हणत होतात. आता त्याच्यापुढं अजून काय शिकायचं ऱ्हायलंय, बाई?" वहिनी, मागच्या वर्षी मी तुम्हाला स्कूटी शिकवली. मी मागून सीट धरून पळत होते, तोवर तुम्ही चालवत होतात ती पीएच.डी. मी हात सोडला आणि तुम्ही एकट्या बाजारापर्यंत जाऊन आलात, ते हे पुढचे. तेवढ्यासाठी रस्ता मोकळा लागतो आणि टाकीत पेट्रोल लागते. मला पेट्रोल मिळाले नाही.

पीएच.डी.नंतर एका मोठ्या संस्थेत मला असेच वेतन मंजूर झाले होते. मी गेले, खोली घेतली, कामाला लागले. वेतन येईना. ऑफिसात विचारले की उत्तर ठरलेले, "मॅडम, फंड निघालाय वरून." दिवाळी गेली तरी तो निघालेलाच होता. आईने हातातल्या पाटल्या मोडून मला काही महिने तिथे ठेवले, आणि मला म्हणाली, तसंही मनगट दुखायचं. शेवटी मी परत आले आणि नोकरी धरली. नंतर पुन्हा अर्ज करायला गेले, तर वयाची अट ओलांडलेली. फंड निघालाय म्हणणारे ते गृहस्थ आता निवृत्त झाले असतील. त्यांना माझ्याकडून काही देणे नाही, रागसुद्धा नाही. राग सांभाळायला ताकद लागते आणि ती मला सोमवारी लागणार आहे.

म्हणून अटी अशा. वयाची मर्यादा नाही. मध्ये खंड का पडला हे विचारायचे नाही. लहान मूल असेल तर सांभाळणाऱ्या बाईचा खर्च वेगळा द्यायचा. पैसे महिन्याच्या सुरुवातीला, अहवाल नंतर. घेतलेला प्रश्न सुटला नाही तरी एक रुपयाही परत मागायचा नाही.

३. पहिले वेतन राणीसावरगावच्या राजेश्री भागवत मुंडे हिला द्यावे. ती माझी विद्यार्थिनी. संगणकात पीएच.डी. आहे, एका प्रयोगशाळेने जूनपासून जागा दिली आहे, पण वेतन दिलेले नाही. परवा फोनवर म्हणाली, "मॅडम, लेकराला घेऊन कुठं ऱ्हाऊ? सोडून देऊ का?" मी म्हटले, थांब. त्या एका शब्दासाठी हे सगळे लिहिते आहे. मी मेले आणि रान अडकले, तर जूनमध्ये माझ्या शब्दाचे काय होईल, याची मला गाठीइतकीच भीती वाटते.

४. स्कूटी वहिनींना. माझी गणिताची पुस्तके आणि अर्धवट राहिलेले काम राजेश्रीला. त्यात एक सिद्धता चुकलेली आहे, कुठे ते तिने शोधावे.

५. माझे अंत्यविधी. आम्हा लिंगायतांत प्रेत जाळत नाहीत. खड्ड्यात बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि माती देतात. स्वतःचे रान असले तर तिथेच समाधी बांधतात. आईची समाधी आमच्या दोघांच्या बांधावर आहे. तिच्या उजव्या हाताला माझी मोकळी जमीन आहे. डाव्या हाताला दादाची, तिथे त्याने बियाण्यांच्या गोडाऊनचा पाया खणला आहे.

तपासणीहून परतताना गाडीत मी रडत होते, तेव्हा दादा म्हणाला, "रुद्रे, भ्यायलीस कशाला? काय झालंच तर आईपाशी बसवतो तुला. उजव्या अंगाला जागा हाय की मोकळी." मला तेव्हा लय बरे वाटले. घरी आल्यावर अंगाला काटा आला. आईची समाधी बांधावर आहे, पण खुद्द रानातच समाधी असली तर ते रान परका माणूस घेत नाही. दादाच्या मनात मायाच होती असे मी धरून चालते. पण मायेनेही रान तितकेच अडकेल.

म्हणून मला रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या समाजाच्या दफनभूमीत, बसवावे. मी लहानपणापासून अंधारात एकटी बसायला भिते. आई शेजारी बसून रहायची. तरीही.

६. इथपर्यंत लिहून झाले तेव्हा दादा मला न्यायला वकिलांच्या ऑफिसात आला. "काय लिहायलीस एवढं?" म्हणाला. मी कागद दिले. त्याने उभ्यानेच वाचले, पाचवे कलम दोनदा. मग बाहेर जाऊन गवंड्याला फोन लावला. खिडकीतून ऐकू येत होते. "पप्पू, आईकडच्या अंगाचा पाया बुजव. न्हाई, गोडाऊन करायचंच हाय, मागं सरकवायचं. का म्हणून विचारू नको." आत येऊन मला म्हणाला, "तू वापस यायलीस. जागा आपली उगं असू दे." आणि चष्मा पुसत बसला.

दादा, मी फोन ऐकला, पाया सरकलेला पाहिला नाही. मला गणिताची सवय आहे, आणि मी घाबरलेली आहे. म्हणून पाचवे कलम मी खोडत नाही, त्यात एवढेच वाढवते: माझ्या मृत्यूनंतर माझ्या वकील ॲड. धम्मशीला वाघमारे यांनी स्वतः रानात जाऊन पहावे. पाया सरकलेला असेल, तर मला आईच्या डाव्या हाताला बसवावे. नसेल, तर रुद्रभूमीत. उजव्या हाताला कोणत्याही परिस्थितीत नाही. ती जागा राजेश्रीची आहे.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. धम्मशीला नागसेन वाघमारे यांनी करावी.

वरील मजकूर मी वाचला आहे आणि तो मला मान्य आहे. सही थोडी हलली आहे. ती माझीच आहे.

रुद्राणी वीरुपाक्ष शेटे

आम्हा दोघांच्या समक्ष सही केली. आम्हीही तिच्यासमोर सह्या केल्या. या मृत्युपत्रात आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार:
१. परमेश्वर बन्सीधर कदम, सहशिक्षक, राहणार गंगाखेड
२. सिद्धोधन किशन खिल्लारे, औषध दुकानदार, राहणार सोनपेठ

ठिकाण: सोनपेठ
दिनांक: ९ जानेवारी २०२६