कळंबचे एकशे सत्त्याऐंशी फॉर्म

३ सप्टेंबर १९९६, मंगळवार

सापडलं! कॉलेजच्या जिमखान्याच्या खोलीत, व्हॉलीबॉलच्या फाटक्या जाळ्याखाली, लाल नाडीने बांधलेले तीन गठ्ठे. वर निळ्या शाईत — 'कळंब, कौटुंबिक पाहणी, मे १९७३'. एकशे सत्त्याऐंशी फॉर्म!

तेजश्री माझ्याकडे एम.ए.चा लघुप्रबंध करते आहे. इंदापूर तालुक्यातल्या बायकांच्या कामात पंचवीस वर्षांत काय बदललं, हा विषय. आजची माहिती तिने उन्हाळ्यात कळंबला घरोघर फिरून गोळा केली. जुनी मात्र कुठेच मिळेना. जनगणनेच्या पुस्तकात गावाचा एकेक आकडा. तालुका कचेरीतले भाऊसाहेब म्हणाले, "बाईमाणसाच्या कामाचं रजिस्टर अजून निघालं न्हाय बाई." मी तिला विषय बदलायला सांगणार होतो!

"सर, घरटी माहिती आहे! प्रत्येक बाईचं नाव, वय, मुख्य काम!" धुळीने शिंकत होती आणि हसत होती.

कळंब माझं गाव, हे तिला ठाऊक होतं. आता सांगितलं — त्या पाहणीत विद्यार्थी म्हणून मीही होतो; फॉर्म कधीच रद्दीत गेले असं समजत होतो. चौसष्ट फॉर्म माझ्या अक्षरातले.

४ सप्टेंबर

मागणीचा नियम शिकवताना दोनदा 'कळंब' म्हणालो. वर्ग हसला.

७ सप्टेंबर, शनिवार

मोजणी झाली. १९७३ साली कळंबच्या शंभर बायकांपैकी नऊ कामावर, बाकीच्यांपुढे 'घरकाम'. यंदा शंभरात एकसष्ट! कालव्याचं पाणी, भाजीपाला, द्राक्षं — सगळं त्या एका उडीत दिसतं. तेजश्रीने आलेख काढला. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत जागा निघाली आहे, तिथे अर्जासोबत हाच पाठवायचा.

दुपारी तिचे वडील रामहरीराव माळेगावहून आले. "सर, पुण्याचं जमलं तर जाऊ दे तिला. न्हाय तर मार्गशीर्षात बार उडवून टाकतो. स्थळ चांगलं हाय." ती शेजारीच बसली होती, मान खाली घालून पेन्सिलला टोक करत. ते संपेचना.

आलेख सुरेख आहे. फारच सुरेख. तो खरा आहे म्हणून मला आवडतो, की माझ्या अक्षरातून आला म्हणून?

१५ सप्टेंबर, रविवार

कळंब. नमुन्यादाखल पाच-सहा घरं पडताळायची एवढाच बेत. पहिल्या चंद्राबाई.

तेजश्रीने वाचलं — "चंद्राबाई, वय तीस, काम घरकाम."

"कुनी लिवलं?"

"मी," म्हणालो.

"आरं ज्ञानू! त्या दुष्काळात पाझर तलावावर खडी फोडत व्हते की मी. तुझी आई आन् मी एकाच ढिगाला!"

शेजारची नकोशी डोळ्याखालचा व्रण दाखवत पुढे आली. "ही दगडाची चीप उडाली व्हती. लिही, घरात बसून उडाली म्हनून!" दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मी पण हसलो. हसायला नको होतं.

"पण आम्ही तर विचारूनच लिहिलं—"

"मालकाला इचारलं आसशीला. पारावर बसून. आमाला कोन इचारतंय?"

खरं आहे. पाहणी घेणाऱ्या आमच्या सरांची सूचनाच होती, कुटुंबप्रमुखाला विचारा. दुष्काळी काम बाजाराच्या दिवशी बंद असे, म्हणून पाहणीला आम्ही तोच दिवस धरला. पुरुष पारावर भेटले. बायका बाजाराला गेलेल्या. आणि पुरुषांपुढे आम्ही व्यवस्थित लिहिलं — 'मजुरी, दुष्काळी काम'. खडी तीच. ढीग तोच!

परतताना एसटीत मी गठ्ठा चाळला. फॉर्म एकेचाळीस आमच्या घराचा. 'अक्काबाई, वय अडतीस, घरकाम.' अक्षर माझं. हा तर कुणालाच विचारून भरलेला नाही. स्वतःच्या घरचं काय विचारायचं? मी तेव्हा बारामतीला वसतिगृहात, सुट्टीपुरता गावी. आई काय करते, मला काय ठाऊक असणार?

१६ सप्टेंबर

सकाळी चहा घेताना मनात आलं — परीक्षक काही कळंबला जाणार नाहीत. खाली एक तळटीप टाकली की झालं. हे माझ्याच मनात आलं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

अकराला तेजश्रीला बोलावलं. म्हटलं, आलेख चुकीचा आहे. तुझा अर्ज, पुणं, सगळं अडचणीत येईल, पण हा पाठवता येणार नाही.

"मला कालच कळलं होतं, सर. तुम्ही म्हणता की नाही, ते बघत होते."

कान तापले. आणि अभिमानही वाटला, तिचा.

१७ सप्टेंबर

काय डोकं आहे पोरीचं! पहिला तास सुरू व्हायच्या आत स्टाफरूमच्या दारात. "सर, फॉर्म वाया गेलेले नाहीत. पुरुषांना विचारलं की काय उत्तर येतं, त्याची एवढी चांगली नोंद दुसरीकडे कुठे मिळेल? आता त्याच बायकांना त्याच सालाबद्दल मी विचारते. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी मांडते."

मी खुर्चीतून उठलोच! हे माझ्या वीस वर्षांच्या शिकवण्यात एकदाही मला सुचलं नाही. दोन पानी टिपण करून संध्याकाळच्या टपालाने पुण्याला धाडलं. आलेखाशिवाय.

२९ सप्टेंबर, रविवार

त्र्याऐंशी बायका भेटल्या. काही सणसरला लेकीकडे होत्या, तेजश्री तिथेही गेली. त्र्याऐंशीपैकी एकाहत्तर दुष्काळी कामावर होत्या! एकाहत्तर! आणि कालच पुण्याचं पत्र — मुलाखतीला या, दोन्ही उत्तरांचा तक्ता घेऊन या. रामहरीराव म्हणाले, "मार्गशीर्ष काय, दर साली येतोय." केवढा मोकळा हसला तो माणूस.

शेवटचं घर आमचं. मी उंबऱ्यातून आत शिरलो तर आई म्हणाली, "ज्ञानू, तू भायेर बस. ती मला इचारतीया."

अर्धा तास ओट्यावर. आत दोघींचं हसणं. मग आवाज इतके खाली आले की शब्द कळेनात.

"काय म्हणाली आई?" वाटेत विचारलं.

"माहिती देणाऱ्याचं नाव घेऊन उत्तर सांगायचं नाही, सर. तुम्हीच शिकवलंत."

२ ऑक्टोबर

सुट्टी. तेजश्री सकाळीच घरी. कोरा फॉर्म घेऊन. "पाहणी करणाऱ्यांनाही विचारायला हवं ना, सर?" — हो, हवंच.

तिने पहिलाच प्रश्न विचारला : मे १९७३ मध्ये आपली आई काय काम करते, हे आपल्याला माहीत होतं का?

होय, म्हणालो. सुट्टीभर तिची दुपारची भाकरी तलावावर मीच नेऊन देत होतो.

तिने लिहून घेतलं.