ताईच्या नावाचा मका

शनि., ४ नोव्हें. २०१७, ग्वेल्फ (कॅनडा)
वॉल्टरच्या रानात जाऊन हरणांच्या मक्याचा ड्रम भरला. ग्वेल्फहून पाऊण तास, वाटेत बारीक बर्फ. हरणं आठ. कान फाटलेली म्हातारी पुढे, बाकीची तिच्या मागे.

वॉल्टर आमच्याच प्लांटमधून रिटायर झालेला. ही वीस एकर झाडी त्यानं शिकारीसाठीच घेतली. वर्षभर हरणांना मका घालायचा आणि नोव्हेंबरात एक मारायचं, हा त्याचा शिरस्ता. तीन वर्षं झाली, पोती मी उचलतो, कारण त्याचा खुबा गेलाय. घरी रेखा दर वर्षी तेच विचारते, "तुम्ही मका घालता, तो गोळी घालतो. मग ते हरीण नक्की मारलं कोणी?" मी म्हणतो, मी फक्त दान करतो.

यंदा त्याचं ऑपरेशन. बंदूक कपाटात. तो हळहळला, मीही तोंड पाडलं, पण मनातून बरं वाटलं. यंदाचं दान निखळ.

शनि., १६ डिसें.
अकोल्याहून फोन. ताईचं काही खरं नाही. परवाचं तिकीट मिळालं.

ड्रम काठोकाठ भरला. घड्याळावर चालतो, सकाळ-संध्याकाळ थोडाथोडा मका उडवतो. दोन आठवडे पुरेल. वॉ.ला घरी जाऊन सांगितलं. म्हणाला, "संपला तर संपू दे. पण परत आलास की घालायच्या आधी मला फोन कर." हो म्हटलं. लक्ष सगळं बॅगेकडे.

२४ जाने. २०१८, अकोला
ताई गेली. सकाळी सव्वासहा.
आईमागे तिनंच मला वाढवलं. दारी कोणीही येवो, मला वाढायला लावायची आणि मागून म्हणायची, "देतानी हात आखडू नोको, बापू." शेवटी तिचा हात धरून बसलो होतो. काही वजनच राहिलं नव्हतं त्याला.

२८ जाने., विमानतळ
सुट्टी वाढवून मिळाली नाही. पुण्यानुमोदन ४ तारखेला, सगळी वस्ती जेवणार. ताईच्या पंगतीत वाढायला मीच नाही.

शनि., ३ फेब्रु.
रानात गुडघाभर बर्फ. ड्रम रिकामा, कधीपासून कोण जाणे. आठही होती, बरगड्या दिसत होत्या. सीडरच्या डहाळ्या ओरबाडत होती. माझ्यामुळे.

दहा पोती घेऊन गेलो होतो, ठरवूनच. अकोल्यात उद्या पंगत, इथं आज. बर्फ शोव्हल करून जागा केली, ताईचं नाव घेतलं, त्रिसरण म्हटलं. ड्रमच्या नादी न लागता दहाही पोती जमिनीवर ओतली. दूर गाडीत जाऊन बसलो. आधी म्हातारी आली, मग सगळी. तोंड वर काढेनात. ताई गेल्यापासून आज पहिल्यांदा रडलो. बरं वाटलं.

वॉ.ला फोन करायचा होता. केला नाही. मापात घाल म्हणाला असता. आज मला माप नको होतं.

शनि., १० फेब्रु.
चार मेली आहेत.
म्हातारी ढिगापासून दहा पावलांवर. बाकीची तीन ओढ्याकडच्या वाटेवर. गोळी नाही, जखम नाही. पोटं टम्म. मक्यात विष असावं असं वाटलं. वॉ.ला फोन लावला. तो म्हणाला, "किती घातलास?"

रवि., ११ फेब्रु.
वॉ.ला घेऊन गेलो. कुबड्या बर्फात रुतत होत्या, तरी आला. त्यानं म्हातारीचं पोट चाकूनं उघडलं. आंबलेला वास. आत मका, दाणे तसेच.

"तू नव्हतास तेव्हा काड्या खाऊन जगली. पोटाला तीच सवय झाली. थोडाथोडा मिळता तर पचला असता. एकदम एवढा गेला की आत आंबतो. भरल्या पोटी मरतात."

मग चाकू बर्फात पुसत म्हणाला, "एका दिवसात चार मी कधी मारली नाहीत." टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

उरलेला मका परत पोत्यांत भरला. तो उलट्या बादलीवर बसून होता.

रवि., ४ मार्च
रिचमंड हिलला पौर्णिमेची वंदना, कोणाच्या तरी कॉन्डोच्या पार्टी रूममध्ये. शील नेहमी मी देतो. मी एक ओळ म्हणायची, मग सगळ्यांनी. पहिलंच शील जीव न घेण्याचं. घसा बसलाय सांगून मागे जाऊन बसलो. म्हणजे खोटं न बोलण्याचंही गेलं.

परतताना रेखा म्हणाली, "अहो, तुम्ही इंटेन्शनली थोडीच केलं? धम्मात चेतना बघतात, मनातला हेतू."
तेच तर. हरणं भुकेली होती म्हणून मका ओतला, की मला पंगत घालायची होती म्हणून? त्यांना काय पचेल हे विचारायला एक फोन पुरे होता. आणि तो करायचा नाही, हे मी ठरवलं होतं. लाज वाटते. हे रेखाला सांगितलेलं नाही.

शनि., ७ एप्रिल
वॉ. आता काठीवर चालतो. म्हणाला, "नोव्हेंबरात मी पुन्हा बंदूक घेऊन बसणार. मका चालू ठेवायचा की बंद करायचा, ते तू ठरव. बंद करायचा तर आता, गवत येतंय तेव्हा. हळूहळू."
"बंद केला तर?"
"थंडी कडक पडली तर एखादं जाईल."
"आणि चालू ठेवला तर?"
"एक मी मारीन."
असंच बोलतो, आडपडदा नाही. मी म्हटलं, सांगतो.

शनि., २८ एप्रिल
अजून सांगितलेलं नाही.

आज गेलो. ड्रम भरला नाही. एक मगभर मका हातानं पसरला आणि लांब उभा राहिलो. चारही आली. एकीचं पोट उतरलंय, महिन्याभरात विईल. मला बघूनही बिचकली नाहीत. बिचकायला हवी होती. खाऊन झाडीत गेली तरी मी उभाच, कोणी खाली तर बसत नाही ना बघत. पाय गार पडले.

घरी आलो तर रेखानं पांढरा शर्ट इस्त्री करून दाराला लावलेला. "उद्या बुद्धपौर्णिमेची वंदना. शील तुम्हीच देणार म्हणून मी सगळ्यांना मेसेज केलाय. आता घसाबिसा सांगू नका."

ताई असती तर फोन लावला असता. हात कधी आखडायचा, हे तिनं कधी सांगितलंच नाही.

वंदना दहाला. पहिली ओळ मी म्हणायची, मग सगळे माझ्यामागून.