यादीत एकही नाव नव्हतं

निपाणी,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय यल्लाप्पा,

जोतिबाचा नमस्कार. सत्यवती वहिनींनाही सांग. बेळगुंदीत सगळे बरे आहेत. भात मळून झालं, काजूला मोहोर चांगला आहे. वर निपाणी का लिहिलं, ते शेवटी सांगतो.

गेल्या रविवारी सकाळी मारुतीपुढं दिवा लावला, चहा घेतला आणि पुतण्याच्या, मंथनच्या संगणकापुढं बसलो. आपल्या शाळेच्या मेळाव्याची आमंत्रणं पाठवायची होती. मंथननं शाळेसाठी एक पान केलं आहे. सोशल मीडियावरच्या आपल्या खात्यातून त्यात नाव नोंदवलं की ती कंपनी आपली थोडी माहिती त्या पानाला देते आणि तिच्यावरून आमंत्रणाची यादी आपोआप तयार होते. दर वर्षी शंभरावर नावं यायची. त्या दिवशी एकही आलं नाही. मी स्वतःही त्यात नव्हतो. मेळावा भरवणाराच बिनआमंत्रणाचा!

मंथनला हाक मारली.

"बिघाड न्हाय काका. कंपनीनं माहिती द्यायची रीत बदलली. आता नाव आन् फोटो एवढंच येतंय. खात्याची भाषा येत न्हाय."

"मग यादी का रिकामी?"

"तुम्हीच अट घालाय लावलीसा की. ज्येचं खातं मराठीत, त्येलाच आमंत्रण. आता कुणाचीच भाषा कळंना, मग कोण बसणार अटीत?"

"भाषा द्यायचं का बंद केलं म्हणं?"

"ज्येची माहिती त्येलाच इचारा म्हणत्यात."

राग यायला हवा होता, पण मला नवलच वाटत राहिलं. एवढी मोठी कंपनी, आणि सांगणं अगदी आपल्या आईसारखं, ज्याचं त्याला विचार. मग मी वही घेतली आणि एकेकाला विचारत सुटलो. आमंत्रण कुठल्या भाषेत पाठवू? कुणी हसलं. कुणी म्हणालं, कसंही पाठव, जेवायला काय ते सांग.

बुधवारी उद्यमबागेत आपल्या वर्गातल्या भावकूला गाठलं. तो अजून फाउंड्रीतच आहे. पाळी सुटल्यावर चहाच्या गाड्यावर त्यानंच तुझा विषय काढला.

"यल्ल्याला कोण इचारणार?"

"त्यो आता कानडीवाला," मी म्हणालो.

भावकूनं कप खाली ठेवला. "अरं येड्या, साखरेनं डोळं गेल्यात त्येचं. चार वर्सं झाली. फोनवरचं वैनी वाचून दाखवत्यात. त्या धारवाडच्या, त्यास्नी मराठी वाचता येत न्हाय, म्हणून फोन, खातं सगळं कानडीत केलं. तुला ठावं न्हाय?"

मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

आता जे लिहायचं ते लिहितो. तीन वर्षांपूर्वी मारुतीराव गुरुजींच्या पंच्याहत्तरीचा सत्कार केला, तेव्हा ती अट मी पहिल्यांदा घातली. तुझं नाव गळालं. ते चुकून राहिलं नव्हतं यल्लाप्पा, मला दिसलं होतं. नावापुढं 'कन्नड' वाचलं आणि यल्ल्या फिरला असं मनाशी म्हणून मी पुढं गेलो. एका बाकावर सात वर्षं बसलो होतो आपण. हार घालून घेतल्यावर गुरुजींनी माईकवरून विचारलं, "यल्लाप्पा कुठाय?" मी म्हणालो, "कळवलं होतं गुरुजी. येत न्हाय म्हणाला."

त्यांचा चेहरा उतरला. मी खाली मान घालून पत्रावळी मोजत राहिलो. तेव्हापासून दिवा लावताना रोज ते वाक्य आठवतं, आणि रोज मी वात नीट करत बसतो.

काल टिळकवाडीत गुरुजींकडे गेलो आणि खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, "जोत्या, एवढी वर्षं हजेरी घेतली मी. पोरगं वर्गात दिसलं नाही तर नुसता गैरहजर मांडून बसलो का कधी? त्याच्या घरी कुणाला तरी धाडायचो. यल्ल्याच्या घरी कुणाला धाडायचो रे?"

"मला."

"मग?"

म्हणून आज पहिल्या गाडीनं तुझ्या निपाणीला आलो. बसस्थानकाच्या बाकावर बसून हे लिहितोय. तोंडानं बोलायला गेलो तर पुन्हा काहीतरी खोटं बोलेन, अशी भीती वाटते. हेच सगळं दुसऱ्या कागदावर कानडीतही लिहितो आहे. कानडीतली एक ओळसुद्धा लिहिणार नाही म्हणत होतो ना मी, ही माझी पहिली कानडी पानं. वहिनी वाचतील, तू ऐक. माझ्या कानडीला त्या हसल्या तर हसू देत. मराठी कागद तुझ्यापाशी राहू दे.

तू हे ऐकशील तेव्हा दोन्ही कागद वहिनींच्या हातात देऊन मी तुमच्या दाराबाहेर पायरीवर बसलेला असेन. वाचून झालं की हाक मार. नाही मारलीस तरी दुपारच्या गाडीपर्यंत आहे.

तुला बोलवायला धाडलेला,
जोत्या