गडबडला मारलेली हाक

प्रिय धाकट्या,

परवा तुझी ताई भर मैदानात, चारचौघांदेखत, बूट घालून धावली. पडली नाही. ही बातमी आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सांगताना मी फाटे फोडत बसणार आणि तू मधली पानं उलटून शेवटाकडे जाणार, मला ठाऊक आहे. एकटी नाही धावले. पुढे गडबड होती. मागच्या खेपेला निघताना ‘असू दे गं, सोबत होईल’ म्हणत तू जे पिल्लू माझ्या मांडीवर ठेवून गेलास, तीच ही. आता ती पिल्लू राहिलेली नाही. एक कान उभा, एक लोंबता, शेपूट भलत्याच मोठ्या कुत्र्याकडून उसनी आणल्यासारखी, आणि डोळे असे की चोरी करताना तिला पकडलं तरी अपराधी आपल्यालाच वाटावं. नाव तू ठेवलंस, आणि तिने ते मनावर घेतलं.

पहिले काही महिने तिने घर अक्षरशः खाल्लं. सोफ्याच्या उशा, पडद्याची झालर, माझ्या चपला (दरवेळी डावीच, उजवीशी काय वैर होतं कोण जाणे) आणि खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची मापाची टेप. बाई भल्या. म्हणाल्या, ‘आता हिच्या पोटाचं माप आतूनच कळेल.’ शेवटी मी तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबलं, दात पाहिले आणि म्हणाले, ‘हिला काही झालेलं नाही. हिला डोकं आहे आणि त्या डोक्याला काम नाही, एवढाच आजार आहे.’ त्यांनीच लाकडाच्या वखारीमागच्या मैदानाचा पत्ता दिला. तिथे कुत्र्यांना अडथळ्यांच्या शर्यतीसाठी तयार करतात. दांड्यांवरून उड्या मारायच्या, कापडी बोगद्यातून सुसाट निघायचं, झुलत्या फळीवर चढून तोल सांभाळत उतरायचं, ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी पळायचं. सगळं ठरलेल्या क्रमाने, आणि तो क्रम कुत्र्याला माहीत नसतो. बरोबर धावणाऱ्या माणसाने तो सांगायचा. हात लावायचा नाही, पट्टा नाही, हातात खाऊ नाही. नुसतं सांगायचं.

‘नुसतं सांगायचं’ हे मैदानाच्या फाटकाशी ऐकूनच मी आल्या पावली परत फिरणार होते. तुला कारण सांगायला नको. पण गडबडने तोवर कुंपणाखालून अंग काढून मैदानात मुसंडी मारली होती, तेव्हा तिच्यामागे जाणं भाग पडलं. मैदानाच्या मालकीणबाई शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. चण एवढीशी, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की शिट्टी कशाला लागते असा प्रश्न पडावा. सगळे त्यांना कप्तान म्हणतात. त्यांनी गडबडला काखोटीला मारून माझ्याकडे आणलं आणि विचारलं, ‘कुठले शब्द शिकवलेत हिला?’ मी पिशवीतून पॅड काढलं आणि लिहून दाखवलं, ‘एकही नाही. मी बोलत नाही.’ मला वाटलं, आता तो नेहमीचा चेहरा होणार, मान कलती करून च्च च्च करणारा. कप्तान म्हणाल्या, ‘छान. माझे निम्मे लोक नुसते बोंबलत असतात आणि त्यांची कुत्री त्यांच्या पायांकडे बघून पळत असतात. तुम्ही निदान सुरुवात तरी पायांपासून कराल. उद्या या. आणि हे पातळ तळव्याचे जोडे घालून येऊ नका.’

धाकट्या, मला वाटत होतं की शिकायचं कुत्र्याला असतं. गडबड आठवडाभरात निम्मं शिकली. ती लहान म्हणून दांड्या आधी जमिनीवरच ठेवलेल्या, हाडं पक्की होईपर्यंत उंच उडी नाही. बोगदा तर तिला इतका आवडला की सांगितलं नाही तरी ती आत, आणि बाहेर आली की पुन्हा आत. झुलत्या फळीला मात्र ती घाबरली. दुसरं टोक धाडकन खाली आपटलं की ही वखारीपर्यंत पळे. तिथे एक बेकरीवाला येतो, त्याचा लोणी नावाचा गलेलठ्ठ कुत्रा घेऊन. त्याने फळीखाली जुनी गादी घातली, आणि फळी हलली की गडबडला चीजचा तुकडा मिळायला लागला. गादी दिवसेंदिवस पातळ होत गेली. एके दिवशी गादी काढलेली होती, फळी दणकन आपटली, आणि बाईसाहेब टोकावर बसून चीजची वाट बघतायत!

शिकायला लागलं ते मलाच. मी उजवीकडे जा म्हणून हात करायची, आणि माझ्या पायाची बोटं डावीकडे वळलेली असायची. गडबड डावीकडे जायची. मी कपाळाला हात लावला की कप्तान ओरडायच्या, ‘तिला काय बघताय? तुम्ही जे सांगितलंत तेच केलंय तिने! तिने हाताचं ऐकायचं की पायाचं, ते आधी तुमच्यात ठरवा.’ मग मला एकटीला धावायला लावलं, कुत्र्याशिवाय. खांदा कुठे वळतो, कुत्र्याच्या पुढून कधी वळायचं आणि मागून कधी, थांबायचं म्हणजे नक्की कुठे थांबायचं. सगळ्यात कठीण होतं वेळेवर असणं. ती हवेत असतानाच पुढचं कळवायला हवं, जमिनीवर टेकल्यावर कळवून उपयोग नाही. मी कायम पाठीमागे. ‘तुम्ही आठवण लिहिताय,’ कप्तान म्हणायच्या, ‘सूचना द्या, सूचना!’

हे वाक्य त्या सहज बोलल्या, पण मला आतल्या आत असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. जन्मभर मी दुसरं काय केलं रे? बसस्थानकाच्या त्या काचेच्या खोलीत बसून सूचनाच दिल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते आहे, कुणाचं मूल चौकशी खिडकीपाशी रडतं आहे. तू मित्रांना घेऊन यायचास, छताकडच्या कर्ण्याकडे बोट दाखवून ‘ही माझी ताई’ म्हणायचास, आणि मला काचेतून ते दिसायचं. मग मी उगाचच एखादी गाडी जास्त गोड आवाजात सोडायची. ड्रायव्हर लोक म्हणायचे, बाई रजेवर असल्या की गाड्यासुद्धा कुरकुरतात.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली, ती साधीच होती, हे सगळं तू पाहिलंस. पुढचं तुला कळवलं नाही, तेवढं आत्ता सांगते. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं, ‘घसा बरा झालाय, आता बोला. जेवढं बोलाल तेवढा सुटेल.’ मी घरी येऊन दार लावलं आणि एक शब्द बोलून पाहिला. आतून कुणीतरी टेबल ओढलं असं वाटलं. तरी नेट धरून मी गॅसच्या दुकानात फोन केला. पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, ‘हो काका, पाठवते.’ काका! सिलिंडर आलं, पण मी पुन्हा तोंड उघडलं नाही. पॅड बरं वाटलं. पॅडवरचं अक्षर निदान माझंच होतं. लोकांनी समजून घेतलं, तूही घेतलंस. सगळे इतके समजूतदार निघाले की मला बोलायचं काही कारणच उरलं नाही.

मैदानावरही तसंच चाललं असतं, पण मधे तो बोगदा आडवा आला. बाकी सगळीकडे गडबड मला पाहते, बोगद्यात पाहत नाही. आणि नेमकं त्याच वेळी तिला सांगायला हवं असतं की बाहेर पडलीस की इकडे वळ. नाही सांगितलं तर ती समोर दिसेल त्या दांडीवर झेप घेते, आणि तिथेच शर्यत संपते. सगळे तेव्हा कुत्र्याचं नाव घेऊन हाक मारतात. कप्ताननी यावर तोड काढली: टाळ्या. ती आत शिरली की मी जिथे असेन तिथून दोनदा टाळी वाजवायची. ते झकास जमलं. टाळी ऐकली की बोगद्यातून तोफेच्या गोळ्यासारखी थेट माझ्याकडे. कप्तान खूश झाल्या, पण जाता जाता म्हणाल्या, ‘हे मैदानावर ठीक आहे. स्पर्धेत टाळ्या तुम्ही एकट्याच वाजवणार नाही.’ मी मान हलवली आणि विसरून गेले.

गडबडची हाडं पक्की झाली, दांड्या वर चढल्या, आणि कप्ताननी आमचं नाव स्पर्धेत घातलं. स्पर्धा मोठ्या क्रीडासंकुलात होती. सुरुवातीला माणसांना कुत्र्यांशिवाय आत सोडतात, मार्ग पाठ करायला. ते दृश्य तू पाहायला हवं होतंस. चांगली शहाणीसुरती माणसं, त्यात एक दातांची डॉक्टरीण आणि आपला बेकरीवाला, हात पसरून अदृश्य कुत्र्यांना शाबासकी देत गोलगोल फिरतायत, एकमेकांवर आदळतायत, माफी मागतायत. त्यांच्यात मीही. माइकवर बोलणारा मुलगा माइक जवळजवळ गिळून बोलत होता. माझा जीव खालीवर होत होता. वाटत होतं, जाऊन जरा हनुवटीपासून लांब धरायला सांगावं.

आमची पाळी आली. गडबड सुरुवातीच्या रेषेवर बसली. बुड जमिनीवर, पण सगळी शेपूट थरथरत होती. मी पुढे गेले, वळले, हात खाली केला आणि ती सुटली. पहिल्या उड्या स्वच्छ. काठ्यांमधून ती अशी लवलवत गेली की मला माझे दुखरे गुडघे आठवलेच नाहीत. मी वेळेवर होते, धाकट्या! तिच्या पुढून वळले, खांदा दाखवला आणि ती बोगद्यात शिरली. मी टाळी वाजवायला हात उचलले, आणि नेमकं त्याच क्षणी शेजारच्या मैदानावर कुणाची तरी शर्यत संपली. सगळे प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले. चारी बाजूंनी टाळ्या. मी जीव खाऊन वाजवत होते आणि माझीच टाळी मला ऐकू येत नव्हती.

गडबड बाहेर येईना. बोगद्याचं कापड मधेच फुगलं होतं, ती आत थांबली होती. इतक्या टाळ्यांतली कुठली ताईची, हे तिला कळत नव्हतं. मग कापड हललं, ती मागे वळायला लागली, आल्या वाटेने. आणि मी हाक मारली. ठरवून नाही. हात रिकामे पडले आणि तोंड उघडलं, इतकंच. ‘गडबड!’ तोच आवाज, टेबल ओढल्यासारखा. बेकरीवाला म्हणतो, लोणीसुद्धा उठून उभा राहिला. आणि बोगद्याच्या तोंडातून आधी तो उभा कान आला, मग लोंबता, मग ती सगळीच्या सगळी, थेट माझ्यावर, समोरच्या दांडीकडे ढुंकूनही न बघता. मी म्हटलं, ‘ये, ये, इकडे, फळी!’ आणि ती फळीवर. फळी दणकन आपटली, ती टोकावर थांबली, तिने माझ्याकडे बघितलं. पुढच्या सगळ्या उड्या मी बोलत पार केल्या. काय बोलले आठवत नाही. कप्तान म्हणतात, एका दांडीशी मी तिला ‘कृपया लक्ष द्यावे’ म्हणाले.

बोगद्यात थांबल्यामुळे वेळ गेला, गुण कापले. आमचा नंबर खालून मोजला तर लवकर सापडतो. पण शेवटची रेषा ओलांडली तेव्हा ती उडी मारून माझ्या छातीवर आली आणि आम्ही दोघी गवतात बसलो. तेव्हा मला एक गोष्ट उमगली. गडबडने माझा तो जुना आवाज कधी ऐकलेलाच नाही. तिला तुलना करायला काही नाही. तिच्या लेखी ताईचा आवाज असतो तो हाच, आणि तो ऐकून तिची शेपूट थांबत नव्हती. कप्तान आल्या, शिट्टी चाचपत म्हणाल्या, ‘हा इतके दिवस कुठे ठेवला होतात?’ मी म्हटलं, ‘कपाटात.’ त्या खो खो हसल्या. मीही हसले, आणि माझं हसणंसुद्धा घोगरंच आहे असं कळलं. ऐकायला बरं वाटतं. तेव्हापासून मी घरभर बोलते आहे. शिंपीणबाई काल वर आल्या, कोण पाहुणे आलेत म्हणून बघायला.

आता हे सगळं फोनवर न सांगता पत्रात का, ते सांगते. दर रविवारी तू फोन करतोस, एकटाच बोलतोस, आणि मी रिसीव्हरवर बोट वाजवून हो-नाही सांगते. एकदाही कंटाळला नाहीस. येत्या रविवारी मी बोट वाजवणार नाही. हे पत्र तोवर तुझ्या हातात पडेल असं पाहून टपालात टाकते आहे, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. भलताच आवाज ऐकलास की ‘सॉरी, राँग नंबर’ म्हणून घाईने ठेवून देशील. ठेवू नकोस. फोन उचलून जो कुणी घोगरा माणूस तुला तुझ्या लहानपणच्या नावाने हाक मारेल, ती मीच.

तुझीच,
ताई