शुक्रवारी हलवलेल्या काठ्या

मी, इझिकेल एलायजा झिराडकर, वय तेवीस, जन्म मुंबई, हल्ली राहणार अश्दोद, इस्रायल, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोक्याबद्दल आईचं मत निराळं आहे. ती आत भांडी आपटते आहे. मुंबईला कॉलेज अर्ध्यावर सोडलं, त्यामुळे कायद्याची भाषा अर्धीच येते. उरलेली माझी.

कलम १. हे आजच का लिहितो. बंदराच्या रस्त्यासाठी वाळूची टेकाडं सपाट करताहेत. त्यांत अठ्ठेचाळीसच्या लढाईतले सुरुंग असू शकतात. आर्मीने एकदा काढले, पण वाऱ्याने वाळू सरकते, म्हणून कंत्राटदाराने आमची टोळी ठेवली. आम्ही पोटावर पडून लोखंडी सळई तिरकी खुपसत पुढे सरकतो. जिथवर तपासलं, तिथे पांढरं फडकं बांधलेल्या काठ्या रोवतो. ट्रॅक्टर काठ्यांच्या मागे चालतो, पुढे जात नाही. आमचे जीव या एवढ्या नियमावर आहेत.

शुक्रवारी सूर्य मावळून शब्बात, म्हणजे शनिवारचा विसावा, लागायच्या आत घरी पोचायची घाई. ट्रकने हॉर्न दिला तेव्हा त्या दिवशी तपासायची पट्टी अर्धीच झाली होती. मुकादम यित्झाकने काठ्या उपटल्या आणि पट्टीच्या पार टोकाला नेऊन ठोकल्या. म्हणाला, "उरलेलं रविवारी सकाळी करूच. दोनदा काठ्या कशाला नाचवायच्या? यिहिये बेसेदेर." म्हणजे, होईल सगळं ठीक.

मी म्हणालो, "आपण कुठे थांबलो ते रविवारी वाळूवर लिहिलेलं असणार आहे का?"

"तुला दिसेल, होदी. इंडियावाल्याला जमिनीखालचंही दिसतं."

होदी म्हणजे हिंदुस्थानी. टोळी हसली. का हसली ते सांगतो. गेल्या महिन्यात माझ्या सळईला काही लागलं, मी ओरडलो, सगळे पळाले, आणि निघाला सार्डिनचा डबा. तेव्हापासून माझं नाव सार्डिन. पण वर वाळू असते तोवर डबा आणि सुरुंग सळईला सारखेच लागतात. डबा निघाला ही माझी चूक नव्हे. मी पुन्हा ओरडेन.

मग ट्रकपाशी इंजिनियरने विचारलं, पट्टी झाली का? यित्झाकने लांबून काठ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "झाली." आपणच हलवलेल्या काठ्या पाहून त्याचीच खात्री पटली! मी तिथल्या तिथे त्याच्या थोबाडीत दिली. मला कामावरून काढलं, आणि माझं बोलणं नोकरी गेलेल्या माणसाच्या रागात जमा झालं. ऑफिस शब्बातसाठी बंद. उद्या रविवारी सातला त्या पट्टीवर ट्रॅक्टर जायचा आहे. तो चालवतो पिन्हास, माझा मित्र, आणि जिच्याशी मला लग्न करायचं आहे त्या बत्याचा भाऊ. आज दिवसभर वारा आहे.

म्हणून उजाडताच, कामावर नसलो तरी, मी ती उरलेली पट्टी एकटा तपासणार. कुठून सुरू करायची ते मला माहीत नाही. म्हणून सगळीच करणार.

कलम २. शिकूनमधलं, म्हणजे सरकारी वसाहतीतलं, घर आईच्या, म्हणजे येहुदितबाईंच्या नावावर आहेच. माझी खाट, सायकल आणि पगाराचं जे येणं निघेल तेही तिचं. तिने आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नबीला, मलिद्याचा नवस बोलला आहे, गूळपोहे, नारळ, सगळं. आई, नवस जरूर बोल. पण मघाशी तू म्हणालीस, "आता काही होत नाही बघ." तसं म्हणू नकोस. नवस एलियाहू हन्नबीशी आहे, वाळूशी नाही.

कलम ३. माझी सळई शेजारी शमशोन किहीमकर यांचा मुलगा टोळीत लागणार आहे, त्याला द्यावी. टोक मी स्वतः घासलेलं आहे. ती नेहमी तिरकी घालायची, उभी कधीच नाही. आणि "बरेच दिवस काही सापडलं नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्यायचं आणि सळई तशीच हळू घालायची. सापडलं नाही याचा अर्थ जिथे शोधलं तिथे नव्हतं, एवढाच.

कलम ४. यित्झाकला मी काही ठेवत नाही. थप्पड दिली आहे ती त्याने ठेवून घ्यावी. तो वाईट माणूस नाही, हे लिहिताना हात जड होतो, पण खरं आहे. त्याला घरी पोरांजवळ पोचायचं होतं. "मला माहीत नाही" हे तीन शब्द इंजिनियरसमोर त्याच्या तोंडून निघाले असते तर मी हे लिहीत बसलो नसतो.

कलम ५. बत्यास. मुंबईहून आणलेला निळा सूट लग्नासाठी शिवला होता. तो विकू नये, कापून तुझ्या भावाला घालू नये, तो जाडा आहे. माझं घड्याळ तुझं. लग्न नोंदवायला आपण गेलो तर इथले धर्मगुरू आजीच्या आजीचा पुरावा मागतील, ती ज्यू होती का म्हणून. आजीची आजी कोकणात कुठे पुरली ते मला ठाऊक नाही, आणतो कुठून? आणि ज्या वाळूवरून तुझा भाऊ जाणार, तिचा पुरावा कोणी मागत नाही!

आज दुपारी तू जिन्यात मला म्हणालीस, "तगीद ली बतूआख." खात्रीने सांग, परत येशील. मी मराठीत म्हणालो, "सांगता येत नाही." तू रागावून वर गेलीस. बत्या, खोटं सांगून तुला खूश करणं फार सोपं होतं. यित्झाकनेही तेच केलं. तुझ्या मनात माझ्याबद्दल काय आहे हे मी अजून विचारलेलं नाही. तिथे सळई घालून बघता येत नाही. परत आलो तर विचारीन. नाही म्हणालीस तरी चालेल. चालणार नाही, पण विचारीन.

कलम ६. काही झालं तर "नशीब" असं कोणी म्हणू नये. काठ्या माणसाने हलवल्या.

कलम ७. मी पट्टी तपासून हात वर करीपर्यंत पिन्हासने ट्रॅक्टर सुरू करू नये, एवढीच माझी मागणी आहे. त्याने अजून कबूल केलेलं नाही. म्हणतो, "सार्डिन, बहिणीसमोर शूर दिसायला तुला माझाच ट्रॅक्टर मिळाला काय रे?"

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, वाचला, खोडलेलं काही नाही. खाली दोघांनी माझ्यासमोर सही करावी.

इझिकेल एलायजा झिराडकर
अश्दोद, शनिवार, १६ नोव्हेंबर १९६३, शब्बात सुटल्यावर

साक्षीदार:

शमशोन दाऊद किहीमकर, शेजारी, सुतार. पोराचं डोकं गरम आहे, पण ठिकाणावर आहे.

पिन्हास रूबेन चिंचोलकर, ट्रॅक्टर ड्रायव्हर. वाचून सही केली. पट्टीत काही आहे हे मला पटलेलं नाही. काही नाही हेही मला माहीत नाही. त्याने हात वर करीपर्यंत मी चावी फिरवणार नाही. पण त्याच पट्टीच्या समुद्राकडच्या टोकाला उद्यापासून दुसरा ट्रॅक्टर लावला आहे. त्याचा ड्रायव्हर नवा आहे, आज रात्री कुठे मुक्कामाला आहे ते आम्हाला कोणालाच ठाऊक नाही. त्याला एवढंच सांगितलेलं आहे, की काठ्या बघ आणि सुरू कर.