अडतिसावं मुखपृष्ठ

२ मार्च
ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमची चाळीस मुखपृष्ठं भिंतीवर लागली. मासिकांची बांधणी करताना वरचं रंगीत पान फाडून फेकायची बाइंडरांची रीत. तुम्ही मात्र बाइंडर असून ती पानं गादीखाली जपलीत. आता वाचनालयाच्या वरच्या खोलीत लोक टाचा उंचावून ती बघतात. ग्रंथपाल म्हणाले, तुझे काका चोर आहेत, पण असे चोर हवेत.

अडतिसाव्यापुढे गर्दी जास्त. तुमच्या छापखान्याच्या फाटकात एक संपकरी जुळारी, खिळे जुळवणारा, पडलेला आणि काठी उगारलेला एक पाठमोरा माणूस. त्याखाली मी कोरा कागद लावला आहे: यातल्या कोणाला ओळखत असाल तर लिहा. चित्र पाहणाऱ्यांचंही असतं, असं मला मनापासून वाटतं. कधी येताय?

तुमची,
टाचणी

६ मार्च
चि. टाचणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरातली पहिली पदवी तू आणलीस तेव्हाच तुझ्या आईला म्हणालो होतो, आता ही एकही भिंत रिकामी सोडत नाही. फ्रेमा सरळ आहेत ना? तुझा हात तिरका.

अडतिसावं मात्र उतरव. गठ्ठ्यात चुकून आलं. तो अंक छापखान्याच्या मालकांनी जाळायला लावला होता. आता गादीवर त्यांचा मुलगा आहे, आणि त्याची माणसं बोलत नाहीत, हात चालवतात. कागद तर आधी काढ. माझे गुडघे धरलेत, येणं होणार नाही.

जपून राहा, एवढंच मागणं.
काका

११ मार्च
ती. काकांस,
सा. न.

हे सावकाश वाचा. दादाचा उजवा हात मोडला आहे. माझ्या कपाळाला सात टाके पडलेत.

परवा एका बाईंनी कागदावर लिहिलं: पडलेले ते माझे वडील, घरी आणेपर्यंत गेले. काल दुपारी चौघं आले. गजाने एकेक काच फोडत आले, घाई न करता. दादा मध्ये पडला, तर त्याचा हात चौकटीत धरून दार आपटलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ग्रंथपालांना काचांवरून फरफटवलं. मी अडतिसावं छातीखाली घेऊन काचांवर पालथी पडले, कपाळ चिरलं. लाथा पाठीत बसल्या, पान वाचलं.

ते आज पुन्हा लावलं, काचेशिवाय. त्या बाई आजही येऊन एकच विचारत होत्या, काठी कोणाची? तुम्ही तिथेच कामाला होतात. सांगा.

तुमची,
टाचणी

१५ मार्च
टाचणे,

काठी माझी.

मालकांनी आम्हा सहा जणांना काठ्या दिल्या, नुसतं भिववा म्हणाले. तो जुळारी माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, “तुला मारता येणार नाही रे.” मी डोक्यात घातली. पडल्यावर आणखी दोनदा. का, ते मला आजवर कळलेलं नाही. चित्रकार समोरच्या गच्चीवर होता. अंक जाळायचं कामही मलाच दिलं. हे एक पान जाळवलं नाही, आणि नंतर पाहवलंही नाही.

पान फाड, नाहीतर माझं नाव लिही. तुझ्या हातून दोन्ही सोसेन.

काका

१८ मार्च
ती. काकांस,
सा. न.

ज्या हाताने बोट धरून मला मासिकांवरची अक्षरं गिरवायला शिकवलं, तो हात मी आता रोज त्या चित्रात बघते.

पान फाडणार नाही. नावही लिहिणार नाही. तुमच्या वाटणीचं काम मी करणार नाही. त्या बाईंना सांगितलं आहे, उद्या दहाला उत्तर देणारा माणूस येईल. दादाने तुमचं पत्र वाचलं. डाव्या हाताने चपला चढवल्या. हे पत्र घेऊन तोच तुमच्या दारात उभा आहे. त्याला गुडघ्यांचं सांगू नका.

लोभ अजून आहे, त्याचाच राग येतो.
टाचणी